खुले पत्र: आधी कागद ओढून दाखवा

मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्या प्रोजेक्टवर सही करणाऱ्या गाईड सर-मॅडमना,

स. न. वि. वि.

परभणीत माझं झेरॉक्सचं आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिना लागला की तुम्ही माझ्याकडे येता. गळ्यात आयकार्ड, हातात पेन ड्राइव्ह, ब्लॅक बुकच्या (म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव रिपोर्टच्या) चार प्रती, वर सोनेरी अक्षरं, आणि "काका, उद्या दहाला सबमिशन आहे." १९ वर्षं तुमच्या प्रोजेक्टची नावं मी माझ्या मशीनमधून बाहेर पडताना वाचतोय. स्मार्ट डस्टबिन. काळ्या रेषेवर चालणारा रोबो. मोबाइलवरून सुरू होणारी शेतातली मोटार. अलीकडे थ्रीडी प्रिंटर. तो तर दर वर्षी असतोच. पण ज्या यंत्रातून हे सगळे रिपोर्ट छापून निघतात, ते यंत्र आजवर एकाही ब्लॅक बुकाचा विषय झालेलं मी पाहिलं नाही.

गेल्या मे महिन्यात चौघं आले होते. विषय थ्रीडी प्रिंटरच. ३७वं पान अर्ध्यात अडकलं. मी झाकण उघडून पान काढलं, पिकअप रोलर, म्हणजे कागद उचलणारा रबरी रोलर, स्पिरिटच्या फडक्याने पुसला. तरी कागद उचलेना, तेव्हा रोलर बाहेर काढून झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने फिरवला. चौघं वाकून बघत होते. एक जण म्हणाला, "काका, आमचा थ्रीडी प्रिंटरसुद्धा एवढी नाटकं करत नाही." सगळे हसले, मीही हसलो. रात्री शटर ओढताना वाटलं, पोरगं खरं तेच बोलून गेलं. प्लॅस्टिकचा गणपती घडवणारं यंत्र पोरं होस्टेलच्या खोलीत जुळवतात, अन् साध्या कागदावर चार ओळी छापणारं यंत्र कोणालाच का जमत नाही? हे पत्र त्या प्रश्नापायी.

थ्रीडी प्रिंटरचं कसं झालं ते तुम्हाला माहीतच आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा घरी जुळवता येणाऱ्या थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला, नकाशे आणि कोड सगळ्यांना मोकळे ठेवले. २००९ मध्ये त्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं आणि यंत्र गल्लोगल्ली गेलं. पण त्या यंत्राची भूक किती कमी आहे ते बघा. पितळेच्या नोझलला ०.४ मिलिमीटरचं एक भोक. कोणताही चांगला टर्नर ते पाडून देईल. थर ०.२ मिलिमीटरचा. माल म्हणजे प्लॅस्टिकची तार, ती रिळावरून येते, मोटर मागून ढकलते. पाच तास लागले तरी कोणी बोंब मारत नाही, आणि वस्तू थोडी वाकडी आली तर आपण तिला 'प्रोटोटाइप' म्हणतो.

कागदाच्या प्रिंटरला अशी माफी नाही. ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, म्हणजे एका ठिपक्याची जागा ०.०४२ मिलिमीटर. पान दहा सेकंदांत पाहिजे. अक्षर तिरकं आलं तर तलाठी कार्यालयातला माणूस कागद परत करतो. आणि माल रिळावर नाही, सुटा आहे: ५०० पानांची गठ्ठी, त्यातलं एकच, वरचंच, सरळच उचलायचं.

खरं तर मुक्त सॉफ्टवेअरची अख्खी चळवळ एका अडकलेल्या कागदापायी उभी राहिली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर आला होता. कागद अडकला की तो गुपचूप बसायचा, आणि माणूस दुसऱ्या मजल्यावर वाट बघत राहायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये एवढंच घालायचं होतं की अडकल्याची सूचना सगळ्यांच्या स्क्रीनवर जावी. मूळ कोड त्यांना मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा किस्सा ते स्वतः सांगत आले आहेत. पुढे छपाईचं सॉफ्टवेअर सुटलं. कप्स ही लिनक्सवरची छपाई-यंत्रणा १९९९ पासून सगळ्यांना खुली आहे. प्रिंटर मात्र जिथे होता तिथेच, कुलपात.

कुलपाचा अर्थ आम्हा दुरुस्तीवाल्यांना विचारा. पाथरी तालुक्यातल्या एका शाळेचे हेडमास्तर इंकजेट घेऊन आले. दोन दिवे आळीपाळीने लुकलुकत होते, छपाई बंद. नोझल साफ करताना जी शाई वाया जाते ती खाली एका स्पंजात जिरते. यंत्र त्या शाईचा हिशेब आकड्यात ठेवतं, आणि आकडा भरला की स्वतःला बंद करून घेतं. मी स्पंज बाहेर काढला. अर्धासुद्धा भिजला नव्हता. पण यंत्र स्पंज बघत नाही, आकडा बघतं. आकडा शून्यावर आणायला कुठल्या तरी परदेशी साइटवरून रीसेटची चावी विकत घ्यावी लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी तऱ्हा तीच.

आता अडचणी एकेक. पहिली अडचण सगळे हेडची, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागाची सांगतात, आणि ती खोटी नाही. बऱ्याच इंकजेटच्या हेडमध्ये प्रत्येक भोकामागे एक बारीक हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत तापतो, शाईचा बुडबुडा होतो, बुडबुडा थेंबाला बाहेर हाकलतो. अशी शेकडो भोकं एका सिलिकॉनच्या चकतीवर, चिप बनवतात त्याच पद्धतीने बनवलेली. हे संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत, वाळूजमध्ये होणार नाही, चिकलठाण्यात होणार नाही, आणि ते व्हावं असा हट्ट धरणं म्हणजे बैलगाडी बनवायला निघून आधी लोखंडाची खाण शोधणं. मूलभूत पेटंटं १९७०-८०च्या दशकांतली, ती कधीच संपली. पण पेटंट संपलं म्हणून कारखाना मिळत नाही.

वाट आहे, तीही जुनीच. ज्या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, ती विकत घ्या आणि तिला वीज आपण द्या. एचपीची सी-६६०२ नावाची एक बुटकी कार्ट्रिज पावतीच्या यंत्रांत असते. १२ नोझल, ९६ डीपीआय. हौशी लोकांनी ती आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालवून दाखवली आहे. पॅरिसच्या एका छोट्या गटाने २०२५ मध्ये ओपन प्रिंटर या नावाने एक यंत्र जाहीर केलं, तेही बाजारातल्या एचपीच्या कार्ट्रिजवरच बेतलेलं, आत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, आणि सुट्या कागदाबरोबर गुंडाळीचा कागदही चालेल अशी रचना. म्हणजे त्यांनीही हेड बनवण्याच्या भानगडीत पडायचं टाळलं. शहाणपणाचं केलं.

आम्हीही तो खेळ करून पाहिला. पॉलिटेक्निकची दोन पोरं, मी, आणि ती १२ नोझलची कार्ट्रिज. जुन्या स्कॅनरचा पुढे-मागे सरकणारा गाडा काढला, त्यावर कार्ट्रिज बसवली. हिशेब साधा होता: १२ नोझलचा एक पट्टा ३.२ मिलिमीटरचा, ए-फोर पानाला ९४ फेऱ्या, फेरीला तीन सेकंद, म्हणजे पानाला पावणेपाच मिनिटं. चालेल म्हटलं. पहिला शब्द छापायचा 'परभणी'. दोनदा छान आला. तिसऱ्या वेळी लाइट गेली, इन्व्हर्टरवर बदली होताना बोर्ड अडकला आणि तीन नोझलचा करंट चालूच राहिला. ज्या हीटरने काही मायक्रोसेकंद तापायचं तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत तापला तरी संपतो. तिन्ही जळाली. गंमत अशी की जळालेली तिन्ही बरोबर शिरोरेषेवरची. पुढचा शब्द आला तो डोक्यावरची रेघ गायब झालेला. पोरगं म्हणालं, "काका, आपला प्रिंटर गुजराती झाला." लेको, हीटरच्या लाइनवर एक साधा टायमर बसवला असता, की बोर्ड मेला तरी पल्स आपोआप तुटेल, तर हे झालं नसतं. तुम्ही केलंत तर तो आधी बसवा.

देवनागरीचा प्रश्न निघालाच आहे तर सांगतो. इंग्रजी अक्षर सुटं असतं, थोडं हललं तरी डोळा माफ करतो. आपल्या ओळीत शिरोरेषा सलग धावते आणि काना उभा कापत जातो. दोन पट्ट्यांच्या मध्ये फट पडली की प्रत्येक काना त्याच उंचीवर तुटतो, आणि पट्टा शिरोरेषेवर संपला तर रेघ दुहेरी दिसते. मराठी पान ही प्रिंटरची खरी परीक्षा आहे. कंपन्यांचे टेस्ट पेज मला या बाबतीत फुसके वाटतात.

फट का पडते, हे मात्र हेडच्या नाही, कागदाच्या खात्यात जातं. आणि मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. प्रिंटर बनवणं म्हणजे शाई उडवणं, असं सगळ्यांना वाटतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या यंत्रांकडे बघून सांगतो, प्रिंटर म्हणजे कागद ओढणारं यंत्र. शाई वरून पडते.

एक रोलर घ्या, १२ मिलिमीटर व्यासाचा. एका फेऱ्यात ३७.७ मिलिमीटर कागद पुढे जातो. समजा घासताना व्यास ०.०५ मिलिमीटरने जास्त राहिला, जाड केसाएवढासुद्धा नाही. पानभर गेल्यावर लांबीत सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो. तो एक वेळ चालेल. पण अर्ध्या इंचाचा पट्टा छापून कागद पुढे सरकवला की त्या एकाच सरकण्यात ०.०५३ मिलिमीटरची चूक होते, आणि आपला ठिपका ०.०४२चा आहे. म्हणजे दर पट्ट्यानंतर एक पांढरी रेघ. सगळं पान साडीच्या काठासारखं. म्हणूनच चांगल्या यंत्रांत हा रोलर रबराचा नसतो, बारीक खरखरीत थर दिलेला लोखंडी दांडा असतो, आणि त्याच्या टोकाला रेघांची चकती लावून किती फिरला ते मोजलं जातं. एवढ्या अचूकतेचा दांडा घासून देणं आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या ग्राइंडिंगवाल्यांना जड नाही. ते गाड्यांचे भाग रोज मायक्रॉनात मोजतात. चिकलठाण्यात इंडो जर्मन टूल रूम आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण आयुष्यभर चेष्टेने वापरली, एकदा तिचा उपयोग तरी होऊ द्या.

त्याआधीची पायरी तर याहून सुंदर आहे, आणि कुठल्याही पुस्तकात एवढी जिवंत सापडणार नाही. गठ्ठीतून एकच पान कसं निघतं? वर रबरी रोलर, खाली एक छोटं सेपरेशन पॅड, मध्ये कागद. तीन पकडींची उतरंड लागते: रोलरची कागदावरची पकड सगळ्यात घट्ट, पॅडची त्याहून कमी, आणि कागदाची कागदावर सगळ्यात कमी. एकच पान आत आलं तर रोलर पॅडवर मात करून ते ओढून नेतो. दोन आली तर वरचं रोलरबरोबर जातं, खालच्याला पॅड धरून ठेवतं. ना सेन्सर, ना कोड, नुसतं घर्षण. पण ही उतरंड कायम टिकत नाही. कागदात खडूसारखी पूड भरलेली असते, कॅल्शियम कार्बोनेट. ती रोलरला बसते, रबर चकाकायला लागतं, पकड घसरते, आणि मग "काका, कागद ओढत नाही." पॅड झिजलं की उलटं, "काका, दोन-दोन ओढतो." माझ्या धंद्याची निम्मी भाकरी या दोन वाक्यांवर आहे.

त्यात आपलं हवामान. प्रिंटर ज्या खोल्यांसाठी बनतो तिथे एसी असतो. आमच्याकडे मे महिन्यात ४३ अंश, हवा कोरडी ठणठणीत. कागदात वीज साठते आणि पानं एकमेकांना चिकटून बसतात. रिम हवेत फडफडवल्याशिवाय ट्रेमध्ये घालायची नाही, हा दुकानातल्या पोराचा पहिला धडा. ऑगस्टमध्ये तोच कागद ओल धरतो, मऊ पडतो, कडा वळतात. मी पावसाळ्यात उघडी रिम लोखंडी कपाटात ठेवतो, आत ४० वॉटचा पिवळा बल्ब. आणि जिनिंगवाल्यांच्या ऑफिसातले प्रिंटर वेगळेच. गाड्याच्या मागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते, बारीक रेघांची. गाडा कुठे आहे ते यंत्र त्या रेघा मोजून ठरवतं. तिच्यावर कापसाचा एक तंतू बसला की मोजणी चुकते आणि गाडा जाऊन फाडकन भिंतीवर आपटतो. मालक सांगतो "बोर्ड उडाला". मी ओल्या फडक्याने पट्टी पुसतो. किती घेऊ म्हणून विचार पडतो.

कोणी म्हणेल, मग डॉट मॅट्रिक्सच बनवा. या सूचनेला मी हसणार नाही. आडत दुकानात, वजनकाट्यावर, साखर कारखान्याच्या गेटवर तो अजून खडखडतोय. नऊ पिना, प्रत्येकीमागे एक कॉइल; शाई फितीत, तिला वाळायची भीती नाही; कागदाला कडेने भोकं असल्यामुळे ओढण्याचा प्रश्न दात्यांनी सुटतो; एका ठोक्यात तीन प्रती. फिरत्या मोटरच्या कॉइल भरणारी माणसं गावोगाव आहेत, त्यांच्या हाताला हे काम नवखं नाही. फक्त देवनागरीला नऊ पिना तोकड्या, ओळ दोन-तीन फेऱ्यांत चित्रासारखी काढावी लागते. आवाजही आहेच. सुरुवात म्हणून मला ही वाट पसंत आहे. पण सुटा ए-फोर कागद टाळून फार दिवस चालणार नाही.

तर मागणी अशी. अख्खा प्रिंटर मागतच नाही. एका वर्षात चार जणांनी अख्खा प्रिंटर केला, असं ब्लॅक बुक आलं तर मी तो विकत आणलेला प्रोजेक्ट समजेन. (कुठून आणता तेही आम्हाला माहीत असतं. छापतो आम्हीच.) फक्त कागद ओढणारा भाग करा. ७५ जीएसएमचा साधा कागद, एक रिम, शाई नाही, हेड नाही. ५०० पानं ओढून दाखवा. किती अडकली, किती जोडीने आली, प्रत्येक पान किती सरकलं, लिहून ठेवा. तोच प्रयोग ऑगस्टमध्ये पुन्हा करा. रोलरसाठी बाहेरचं रबर शोधू नका. गाडीच्या दाराची पट्टी ज्या ईपीडीएम रबराची असते तेच पिकअप रोलरला चालतं, आणि ते साच्यात दाबून घडवणारे कारखाने आपल्याच भागात आहेत. हे झालं की पुढच्या बॅचने त्यावर गाडा बसवायचा. तिच्या पुढच्या बॅचने कार्ट्रिज. गंमत म्हणून एखादं पान दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाचंही घाला. तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासून तिथे कागद बनतो असं सांगतात. माझा रोलर त्याच्यापुढे हात टेकतो, तुमचा काय करतो बघू.

पुढच्या बॅचने, हा शब्द मुद्दाम वापरला. तुमचे प्रोजेक्ट दर मे महिन्यात मरतात. पोरं पास होतात, पुण्याला जातात, यंत्र कपाटात, फाइल कोणाच्या तरी बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये. पुढच्या वर्षी तोच डस्टबिन शून्यापासून. ओपन हार्डवेअरचा अर्थ नकाशे साइटवर टाकले एवढाच नाही. मूळ फाइल द्यायची, जी दुसऱ्याला उघडून बदलता येईल. फोटो आणि पीडीएफ म्हणजे लग्नपत्रिका, त्यावरून स्वयंपाक होत नाही. कुठला स्क्रू, कुठला बेअरिंग, कुठल्या दुकानात मिळाला, कोणता भाग तीनदा फसला, तेही लिहायचं. आणि परवाना नीट निवडायचा. पॅरिसवाल्यांनी बिगर-व्यापारी परवाना लावला आहे. त्यांची कारणं असतील. पण आपल्याकडे तो लावला तर वाळूजचा वर्कशॉपवाला दहा यंत्रं बनवून विकू शकणार नाही, आणि मी सुटे भाग ठेवू शकणार नाही. युरोपातल्या सर्न या संस्थेने २०११ पासून हार्डवेअरसाठी वेगळा खुला परवाना काढला आहे. त्यात बनवायला, बदलायला, विकायला मोकळीक आहे. तो वाचा.

गाईड सरांचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो: "बाजारात चार-पाच हजारांत मिळतो, मग हे कशाला?" सर, तो चार-पाच हजारांत मिळतो कारण उरलेले पैसे शाईतून वसूल होतात. शिवाय त्या प्लॅस्टिकच्या एकेका साच्याला लाखो रुपये लागतात, ते लाखो यंत्रांवर वाटले जातात. तुमच्या पोरांचं यंत्र महागच पडणार. त्याची किंमत यंत्राच्या शेजारी नका ठेवू. हेडमास्तरांच्या त्या अर्ध्या भिजलेल्या स्पंजाशेजारी ठेवा. आणि आणखी एक सांगतो, लाइन फॉलोअरचा, म्हणजे त्या काळ्या रेषेवरच्या रोबोचा, किट बाजारातून आणून जुळवलेला असतो, त्यावर तुम्ही हसत सही करता.

माझ्याकडून काय, तर दुकानाच्या माळ्यावर मेलेले प्रिंटर आहेत, ४०च्या वर. इंकजेट, लेसर, दोन डॉट मॅट्रिक्स, एकाचं तर झाकणही नाही. रोलर, मोटरी, एन्कोडरच्या, म्हणजे रेघांच्या त्या पारदर्शक पट्ट्या, सगळं जागेवर. भंगारवाला किलोवर मागतो, मी देत नाही. तुम्हाला फुकट. रविवारी दुपारी दोननंतर या, गिऱ्हाईक कमी असतं, एक यंत्र खोलून दाखवतो. चहा माझा. स्टारचा पेचकस मात्र स्वतःचा आणा. मागच्या वर्षी नेलेले दोन अजून परत आलेले नाहीत.

आपला,
परभणीचा एक प्रिंटर दुरुस्तीवाला